बाळंतपणानंतर मन ढासळलं, डॉक्टरांची तारीख लांब: मधले दिवस कसे काढायचे?

दीड महिन्याच्या डोसची रांग. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात बाळाचं वजन होतं, कार्डावर नोंद होते, मांडीत सुई बसते, ताप आला तर द्यायचं औषध हातात पडतं. बाळाला धरून बसलेल्या आईला मात्र 'तुला झोप लागते का? तुझं मन कसं आहे?' असं कुणी विचारेलच याची खात्री नाही. समजा विचारलं आणि तिनंही खरं उत्तर दिलं, तरी पुढचा प्रश्न उरतोच. तिला पाठवायचं कुठे, आणि तिथं नंबर लागेपर्यंत घरात करायचं काय?

बाळंतपणानंतरचं नैराश्य ही काही शहरी किंवा 'शिकलेल्या बायकांची' तक्रार नाही. याविषयीचा भारतातला एक गाजलेला अभ्यास गोव्यातच झाला. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी उत्तर गोव्यात गरोदर बायकांना गाठून त्यांची बाळंतपणानंतर पुन्हा चौकशी केली. २००२ साली त्याचे निष्कर्ष छापून आले. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांमध्ये नैराश्य आढळलं, म्हणजे जवळजवळ चौघींमागे एक. पुढे २०१७ मध्ये देशभरातल्या ३८ अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला गेला, तेव्हा आकडा २२ टक्के आला. गोव्याच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली, ती घराघरात ठाऊक असते पण कागदावर क्वचित येते. पैशाची ओढाताण, नवऱ्याशी बिघडलेले संबंध, घरातली मारहाण आणि मुलगाच हवा असताना झालेली मुलगी, या गोष्टींनी धोका वाढतो. नैराश्य आलेल्यांपैकी बऱ्याच जणींचं मन गरोदरपणातच ढासळलेलं होतं. म्हणजे वाट पाहणं बाळंतपणाच्या आधीपासूनच सुरू झालेलं असतं.

रडू येणं वेगळं, नैराश्य वेगळं

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाचच रडू येणं, चिडचिड होणं, एका क्षणी हसू आणि दुसऱ्या क्षणी डोळ्यांत पाणी, हे निम्म्याहून अधिक बायकांना होतं. यावर औषध लागत नाही. दोन आठवड्यांच्या आत ते आपोआप ओसरतं. जवळ माणूस, पोटभर जेवण आणि झोप एवढं पुरतं.

दोन आठवडे उलटले तरी उदासी हटत नाही, बाळ झोपलं तरी आईला झोप नाही, जेवण तोंडात फिरतं, बाळाकडे बघून काहीच वाटत नाही किंवा त्याच्या जिवाची सतत धास्ती वाटते, 'मी आई व्हायच्या लायकीचीच नाही' हे वाक्य मनातून जात नाही, तेव्हा ते नैराश्य असू शकतं. ते पहिल्या महिन्यातच येतं असंही नाही. पहिल्या वर्षात कधीही येतं. काहींच्या बाबतीत ते अंगावर निघतं: डोकं जड, कंबर धरलेली, छातीत धडधड, हातापायांत त्राण नाही. घरचे तिला वैद्याकडे, मग रक्त तपासायला, मग दुसऱ्या डॉक्टरांकडे नेत राहतात. रक्त तपासायलाच हवं, त्याविषयी पुढे येईलच. पण रिपोर्ट चांगला आला म्हणजे बाई ढोंग करते, असा अर्थ काढू नये.

तिसरा प्रकार क्वचित होतो, हजार बाळंतपणांत एखाद-दोन, पण त्यात वाट पाहणं परवडत नाही. बहुतेक वेळा पहिल्या दोन आठवड्यांतच तो दिसतो. बाई रात्र रात्र झोपत नाही तरी दमलेली वाटत नाही, बोलणं सुटतं, तुटक होतं, संशय येतो. 'हे माझं बाळ नव्हे, बदललंय' असं म्हणते, कुणाचे तरी आवाज ऐकते, तासाभरात पार वेगळीच वाटते. कानडी मुलखात याला 'बाणंती सन्नी' असं जुनं नाव आहे आणि बेळगाव-खानापुरातल्या मराठी घरांतही ते कानावर पडतं. मराठीत 'बाळंतरोग' हा सगळ्यालाच पुरणारा शब्द, त्यामुळे नेमकं काय झालंय ते त्यातून कळत नाही. हे बाहेरचं काही नाही. हा आजार आहे, आणि वेळेत उपचार झाले तर बहुतेक बायका पूर्ण बऱ्या होतात. त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. तोवर बाई आणि बाळ दोघांनाही एकटं सोडू नये. सोबत ताप, तीव्र डोकेदुखी, झटके किंवा वाढलेला रक्तदाब असेल तर आधी मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात न्यावं, कारण जंतुसंसर्गानं किंवा मेंदूतल्या रक्ताच्या गुठळीनंही असा भ्रम होतो. रुग्णवाहिकेसाठी १०८, इतर तातडीसाठी ११२.

वाट नेमकी कुठे पाहावी लागते?

वाट पाहणं म्हटलं की दवाखान्यातली रांग आठवते. पण बहुतेक घरांत सगळ्यात लांब वाट त्याच्या आधीच होऊन गेलेली असते. सव्वा महिना बाळंतिणीनं बाहेर पडायचं नाही, म्हणून पाच-सहा आठवडे जातात. 'पहिल्या खेपेला असंच होतं' म्हणून आणखी दोन. मग दृष्ट काढणं, देवाला कौल लावणं, माहेरहून सासरी पाठवलं की बरं वाटेल ही आशा. यातलं काही करू नये असं सांगून उपयोग नाही आणि गरजही नाही. कौल लावायचा तर लावावा, पण त्याच आठवड्यात डॉक्टरांनाही दाखवावं. दोन्हींत भांडण लावलं की नुकसान बाईचंच होतं.

सीमाभागात यात आणखी एक भर पडते, ती राज्याच्या रेषेची. समजा, मुलीचं सासर खानापूर तालुक्यात आणि माहेर चंदगडकडे. गरोदरपणाची नोंद सासरी झाली, तिथलं थायी कार्ड मिळालं. बाळंतपण माहेरी, महाराष्ट्रात. दवाखान्यात बाळंतपण झालं तर आशाताईंनी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येऊन पाहायचं असतं. माहेरच्या आशाताईंना कुणी कळवलंच नाही तर या भेटी राहून जातात. झाल्या तरी मुख्य लक्ष बाळावर असतं. पुढच्या घरभेटी बाळाच्या तिसऱ्या महिन्यापासून सुरू होतात. म्हणजे बेचाळिसावा दिवस आणि तिसरा महिना यांच्या मध्ये मोकळी जागा राहते, आणि नेमक्या याच दिवसांत मुलगी बाळाला घेऊन सासरी परतते. राज्य बदलतं, आशाताई बदलतात, कार्डाची भाषा बदलते. माहेरी कुणाच्या लक्षात आलं असेल तर ते तिथंच राहतं. सासरी नव्यानं कुणाच्या लक्षात यायला पुन्हा दोन-तीन महिने. सावंतवाडी-दोडामार्गहून गोव्यात दिलेल्या मुलींचं, किंवा बडोदा-इंदूरहून बाळंतपणाला सांगली-साताऱ्याला आलेल्या मुलींचंही यापेक्षा फार वेगळं नसतं.

यावर साधा उपाय आहे आणि तो घरच्यांच्या हातात आहे. परतण्याच्या आठवडाभर आधी सासरच्या आशाताईंना किंवा एएनएम बाईंना फोन करून बाळंतीण कधी येतेय ते सांगावं. माहेरच्या दवाखान्याचे सगळे कागद, केसपेपर आणि गोळ्यांच्या चिठ्ठ्या सोबत द्याव्यात, शिवाय मोबाईलवर त्यांचे फोटो काढून ठेवावेत. माहेरी उपचार सुरू झाले असतील तर किमान महिनाभराच्या गोळ्या घेऊनच निघावं. सासरी तोच ब्रँड मिळेल असं नाही, म्हणून गोळीचं मूळ औषधी नाव डॉक्टरांकडून चिठ्ठीवर ठळक लिहून घ्यावं.

त्यानंतरची वाट म्हणजे तज्ज्ञाची. देशात लाखभर लोकसंख्येमागे सरासरी एकही पूर्ण मानसोपचारतज्ज्ञ येत नाही, आणि आहेत त्यांतले बहुतेक शहरांत. इंग्लंडच्या आरोग्य मार्गदर्शक सूचनांमध्ये अशा आईची तपासणी दोन आठवड्यांत व्हावी आणि त्यानंतर महिन्याभरात समुपदेशन सुरू व्हावं अशी मुदत घालून दिलेली आहे. ती तिथंही नेहमी पाळली जाते असं नाही, पण मुदत कागदावर असली की निदान विचारता तरी येतं.

शेवटची वाट औषधाची, आणि हिच्याबद्दल आधी सांगितलं जात नाही म्हणून पुष्कळ जणी गोळ्या अर्ध्यावर सोडतात. नैराश्याची गोळी तापाच्या गोळीसारखी लगेच लागू पडत नाही. फरक जाणवायला दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात उलट मळमळ, डोकं हलकं होणं, अस्वस्थता असा त्रास होऊ शकतो. बरं वाटू लागल्यावरही साधारण सहा महिने किंवा डॉक्टर सांगतील तोवर ती चालू ठेवावी लागते.

दहा प्रश्नांची चाचणी

नैराश्य ओळखायला जगभर वापरली जाणारी एक छोटी प्रश्नावली आहे. १९८७ मध्ये स्कॉटलंडच्या एडिंबरा आणि लिव्हिंगस्टन भागात काम करणाऱ्या कॉक्स, होल्डन आणि सागोव्हस्की यांनी ती तयार केली, म्हणून तिला एडिंबरा प्रश्नावली म्हणतात. गेल्या सात दिवसांत कसं वाटलं यावर दहा प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण ३०. साधारण १२-१३ च्या पुढे गुण गेले तर नीट तपासणी व्हावी असं धरतात. वेगवेगळ्या भाषांत हा आकडा थोडा मागे-पुढे होतो. गोव्यातल्या अभ्यासासाठी ती कोकणीत आणली गेली होती, मराठीतही ती वापरली जाते. या चाचणीनं रोगाचं निदान होत नाही, चौकशी पुढे न्यायची की नाही एवढंच कळतं. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. त्याला 'नाही' सोडून दुसरं कोणतंही उत्तर आलं, तर एकूण गुण कितीही कमी असोत, त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलणं भाग आहे.

इथं भाषेचा मुद्दा येतो. घरी मराठी, दवाखान्यात कानडी किंवा तेलुगू, आणि मध्ये दुभाषी म्हणून सासू किंवा नवरा. 'जीव नकोसा झालाय' हे वाक्य सासूच्या तोंडून डॉक्टरांपर्यंत पोहोचताना 'जरा अशक्तपणा आहे' एवढंच उरतं. शक्य असेल तर सोबत घरातलं माणूस असावं, पण दुभाषी म्हणून दुसरं कुणी: मराठी येणारी परिचारिका, आशाताई, शेजारची शिक्षिका. काही मिनिटं बाईला डॉक्टरांशी एकटीला बोलू द्यावं. तोंडानं बोलणं जमत नसेल तर मराठीत चार ओळी लिहून न्याव्यात. झोप किती लागते, जेवण कसं आहे, सगळ्यात वाईट विचार कोणता येतो आणि हे कधीपासून, एवढं त्यात असलं तरी पुष्कळ.

तारीख मिळेपर्यंत घरात काय करायचं

पहिली गोष्ट झोप. ऐकायला साधी वाटते, पण ढासळलेल्या मनाला सावरायला सुरुवातीच्या दिवसांत याच्याइतकं काही उपयोगी पडत नाही. आईला सलग चार-पाच तास झोप मिळेल अशी व्यवस्था करावी. रात्री दहाला अंगावर पाजून झालं की बाळ आजीकडे किंवा बापाकडे, पुढच्या वेळेला काढून ठेवलेलं दूध वाटी-चमच्यानं पाजावं, आईला तीनच्या सुमारास उठवावं. अंगावरचं काढलेलं दूध स्वच्छ झाकलेल्या भांड्यात घरातल्या नेहमीच्या तापमानाला साधारण चार तास टिकतं. बापानं रात्रीची एक पाळी घेतली तर आईला झोप मिळते, आणि बाळाला सांभाळणारे हात घरात आणखी आहेत हेही तिला दिसतं. रोज सकाळी कामावर जायचं असतं हे खरं, पण ही पाळी काही वर्षभराची नाही, काही आठवड्यांची आहे.

मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय झोपेची गोळी आणून देऊ नये. अल्प्राझोलामसारखी औषधं दुधातून बाळापर्यंत जातात, बाळाला गुंगी येऊ शकते, आणि गोळी घेतलेल्या आईशेजारी बाळ झोपवणं धोक्याचं असतं.

दुसरी गोष्ट रक्ततपासणी. बाळंतपणानंतर हिमोग्लोबिन कमी असणं आपल्याकडे नित्याचंच, आणि त्यामुळेही थकवा, धाप, चिडचिड वाढते. लोह आणि फॉलिक अॅसिडच्या गोळ्या बाळंतपणानंतर १८० दिवस सरकारी केंद्रात मोफत मिळतात, त्या बहुतेक घरांत फळीवर पडून असतात. थायरॉइडही तपासून घ्यावं. बाळंतपणानंतरच्या वर्षात काही बायकांमध्ये ते बिघडतं आणि लक्षणं नैराश्यासारखीच दिसतात. मानसोपचारतज्ज्ञ बहुधा या दोन तपासण्या सांगतातच. आधीच करून नेल्या तर एक फेरी वाचते.

तिसरी गोष्ट अवघड आहे. शेतीवाडीच्या घरात फवारणीचं औषध, तणनाशक, उंदराचं औषध कोपऱ्यात पडलेलं असतं. बाई मरणाचं बोलत असेल, किंवा बोलत नसेल पण फारच गप्प झाली असेल, तर हे सगळं आणि घरातल्या जादा गोळ्या कुलपात ठेवाव्यात. 'मरायचे विचार येतात का?' असं सरळ विचारावं. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून पुष्कळ जणींना मोकळं वाटतं. उत्तर 'हो' असेल तर तारखेची वाट पाहायची नाही.

बाकीच्या गोष्टी लहान आहेत. दिवसातून एकदा अंधाऱ्या खोलीतून बाहेर, उन्हात, पंधरा-वीस मिनिटं. सव्वा महिन्याची शिवाशिव पाळणाऱ्या घरांत निदान अंगणात. डिंकाचे लाडू आणि खसखशीची खीर चालू द्यावी, पण भूक नसताना ताट भरून समोर ठेवू नये. आलेल्या-गेलेल्यांनी 'दूध पुरतं का?' एवढंच विचारलं तर बाई आतून आणखी खचते. आणि 'आम्ही पाच पाच पोरं काढली' हे वाक्य, कितीही प्रेमानं म्हटलं तरी, या दिवसांत टाळलेलं बरं.

घरात मारहाण होत असेल तर वरच्या सल्ल्यातलं बरंचसं लागू होत नाही. तिथं आधी बाईची सुरक्षितता. महिलांसाठी १८१ ही हेल्पलाईन आहे.

१४४१६ वर काय होतं

केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. क्रमांक १४४१६ किंवा १८००-८९१-४४१६. फोन मोफत, चोवीस तास. सुरुवातीला भाषा निवडता येते, त्यात मराठी आहे. दुसऱ्या भाषेत बोलणारी व्यक्ती आली तर फोन न ठेवता 'मराठीत बोलायचंय' असं सांगावं. पहिल्या टप्प्यात प्रशिक्षित समुपदेशक बोलतो, गरज वाटली तर पुढे मानसोपचारतज्ज्ञ किंवा जवळच्या सरकारी सेवेशी जोडून देतात. आईनंच फोन करायला हवा असं नाही, बहीण, नवरा किंवा आईची आईही करू शकते. एकदाच फोन करून थांबू नये. तारीख तीन आठवड्यांनी असेल तर दर चार-पाच दिवसांनी ठरवून बोलावं. एका फोननं आजार बरा होत नाही, पण मधल्या दिवसांत कुणाचं तरी लक्ष राहतं.

डॉक्टर नसलेल्यांची मदत

तज्ज्ञ मिळेपर्यंत काहीच होऊ शकत नाही, हा समज गोव्याच्याच कामानं खोटा ठरवला आहे. १९९६ मध्ये गोव्यात सुरू झालेल्या 'संगात' या संस्थेनं नैराश्य असलेल्या गरोदर बायकांसाठी त्यांच्याच वस्तीतल्या, स्वतः आई असलेल्या साध्या बायकांना शिकवून तयार केलं. या सख्या घरी जायच्या, आईच्या तब्येतीबद्दल, बाळाशी असलेल्या नात्याबद्दल आणि भोवतालच्या माणसांच्या आधाराबद्दल बोलायच्या, छोटी छोटी कामं ठरवायच्या आणि पुढच्या भेटीत त्यांची विचारपूस करायच्या. मूळ पद्धत पाकिस्तानातल्या रावळपिंडीजवळच्या खेड्यांत डॉ. अतीफ रहमान यांनी तिथल्या आरोग्यसेविकांकडून करून घेतली होती, तिचे निष्कर्ष २००८ मध्ये आले. पुढे जागतिक आरोग्य संघटनेनं तिची पुस्तिका काढली. गोव्यातल्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. सखी मिळालेल्या गटात बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी बऱ्या झालेल्या आया जास्त निघाल्या. फरक अफाट नव्हता, पण खर्च कमी आणि लागणारी माणसं गावातलीच. सीमाभागातल्या महिला मंडळांनी आणि बचत गटांनी उचलावं असं हे काम आहे. बचत गटाच्या बैठकीला बाळंतीण आली नाही तर दंडाची पावती फाडण्याआधी कुणीतरी तिच्या घरी जाऊन यावं, इथूनही सुरुवात होते.

सासरची मंडळी ऐकत नसतील तर एक गोष्ट सांगून पाहावी. गोव्याच्या त्याच आयांच्या बाळांचं सहा महिन्यांनी वजन-उंची तपासलं, तेव्हा नैराश्य असलेल्या आयांची बाळं वाढीत मागे राहिलेली जास्त दिसली. बाईसाठी गाडी काढायला तयार नसलेलं घर नातवासाठी काढतं. आधी निघावं, वाद नंतर घालता येतो.

जायचं कुठे

बेळगावकरांसाठी पहिली जागा जिल्हा रुग्णालय, म्हणजे 'बिम्स'. मोठी सरकारी संस्था म्हणजे धारवाडची 'डिमहान्स', पाऊणशे-ऐंशी किलोमीटरवर. कर्नाटकात 'मनोचैतन्य' योजनेखाली तालुका रुग्णालयांत मंगळवारी मानसोपचारतज्ज्ञ येतात. आपल्या तालुक्याला कोणता मंगळवार, ते आशाताईंना किंवा रुग्णालयात फोन करून आधी विचारावं, नाहीतर एसटीचं भाडं फुकट जातं. गोव्यात बांबोळीला मानसोपचार व मानवी वर्तन संस्था आहे, गोवा मेडिकल कॉलेजजवळच. कोल्हापुरात सीपीआर. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय. इंदूरला बाणगंगेचं मानसिक रुग्णालय, ग्वाल्हेरला मानसिक आरोग्यशाळा, बडोद्यात कारेलीबागेतलं रुग्णालय, हैदराबादेत एर्रागड्डा. मेडिकल कॉलेजच्या बाह्यरुग्ण विभागात बहुधा त्याच दिवशी नंबर लागतो. खासगीत तारीख लांबची असेल तर इथं सकाळी लवकर जाऊन रांग धरणं जलद पडतं. सोबत बाळाचं सामान आणि दुसरं एक माणूस हवंच.

आई आणि बाळ दोघांना एकत्र दाखल करून घेणारा विभाग बंगळूरच्या निम्हान्समध्ये २००९ पासून आहे. खाटा मोजक्याच आहेत. स्थानिक डॉक्टरांनी पाठवलेली चिठ्ठी घेऊन आणि आधी चौकशी करूनच निघावं.

तज्ज्ञ भेटेपर्यंत बाळंतपण केलेले स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा गावातले एमबीबीएस डॉक्टरही सुरुवात करू शकतात. अंगावर पाजणाऱ्या आईला गोळ्या चालत नाहीत, हा समज डॉक्टर नसलेल्यांनी फार पसरवला आहे. सर्ट्रालिनसारखं औषध दुधात अगदी थोडं उतरतं आणि पाजत असताना ते सर्रास दिलं जातं. उलट व्हॅल्प्रोएटसारखी काही औषधं या वयातल्या बायकांना शक्यतो टाळतात, कारण पुढच्या गरोदरपणात बाळाला अपाय होतो. म्हणून आधीपासून मनाच्या आजाराच्या किंवा फिटच्या गोळ्या चालू असतील तर ते लपवू नये. आणि आपल्या मनानं बंदही करू नये.

कायदा काय देतो

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मराठी वाचकांनी तीन-चार गोष्टींसाठी तरी लक्षात ठेवावा. सरकारी मानसिक आरोग्य सेवा मिळणं हा हक्क आहे. आजाराची आणि उपचाराची माहिती रुग्णाला समजेल अशा भाषेत मिळावी, असं त्यात लिहिलेलं आहे. बेळगावातली बाई 'मला मराठीत सांगा' म्हणते तेव्हा ती उपकार मागत नसते. माहिती गुप्त ठेवणं रुग्णालयाला बंधनकारक आहे. 'कागदावर आलं तर संसार मोडेल' या भीतीनं जी घरं थांबतात, त्यांना हे कुणीतरी सांगायला हवं. आरोग्य विम्यात शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारालाही संरक्षण द्यायचं आहे. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या व्यक्तीवर तीव्र मानसिक ताण होता असं गृहीत धरायचं असतं, म्हणून पोलिसांच्या भीतीनं दवाखान्यात न नेणं चूक.

आणि दाखल करायची वेळ आली, तर तीन वर्षांखालच्या मुलाला सहसा आईपासून वेगळं करू नये, अशी तरतूद आहे. आजारामुळे बाळाला धोका आहे असं मानसोपचारतज्ज्ञांना वाटलं तर तात्पुरतं वेगळं ठेवता येतं, पण देखरेखीखाली भेट चालू ठेवावी लागते आणि दर पंधरा दिवसांनी त्या निर्णयाचा फेरविचार करावा लागतो. दाखल करून घेताना वॉर्डात बाळाची सोय नाही असं सांगितलं गेलं, तर कलम २१ चा उल्लेख करून ते लेखी मागावं.